चोर्ल्याच्या घाटातून सायकलयात्रा

सायकल हे आमच्या खेड्यापाड्यांचे जुने व इमानी वाहन आहे. दूध घालणारा, पाव विकणारा, शाळेला जाणारी पोरे आणि आजाऱ्यांकडे पवित्र कम्युनियन घेऊन जाणारे फादर, या साऱ्यांना तिने वर्षानुवर्षे वाहिले. पुढे घरोघर मोटारसायकली आल्या व ती बापडी पडवीच्या कोपऱ्यात गंजत उभी राहिली. आता तिचे दिवस थोडे फिरले आहेत. शहरातील सुखवस्तू मंडळी रविवारी पहाटे हलक्या पण भारी किमतीच्या सायकली घेऊन जांबोटीच्या रस्त्याने जाताना दिसतात आणि बांधावरचा शेतकरी त्यांच्याकडे कौतुकाने पाहतो. ज्या कष्टातून आपण एकदाचे सुटलो तो कष्ट ही माणसे पैसे मोजून का करतात, असा एक प्रश्नही त्या कौतुकात मिसळलेला असतो.

प्रस्तुत लेख अशा हौशी मंडळींविषयी नाही. सन २०२४ च्या डिसेंबरात आमच्या धर्मग्रामातील तेवीस माणसे सायकलींवरून जुन्या गोव्याला गेली आणि सायकलींवरूनच परत आली, तिची ही हकीकत आहे. जाणे सोपे होते. परत येणे सोपे नव्हते, म्हणून लिहावेसे वाटले.

गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरकडे जाण्याची आमच्या भागाची वहिवाट जुनी आहे. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस नोव्हेना सुरू झाली की बेळगाव-खानापूर भागातून, कारवारकडून, सिंधुदुर्गातून भाविकांचे जथे पायी निघतात. त्यात २०२४ हे शवप्रदर्शनाचे वर्ष. दहा वर्षांनी एकदा येणारी ती पर्वणी. २१ नोव्हेंबर रोजी संताचे पवित्र अवशेष बॉम जेझू बासिलिकेतून मिरवणुकीने सी कॅथेड्रलमध्ये नेण्यात आले व ५ जानेवारी २०२५ पर्यंत ते भाविकांच्या दर्शनासाठी तेथे राहिले. पायी जाण्यास चार दिवस लागतात आणि तरुणांना तेवढी रजा मिळत नाही. बसने जाण्यात यात्रेचे काही उरत नाही. तेव्हा सायकल हा मधला मार्ग फादरांनीच सुचविला. जाण्याचा एक दिवस, परतीचे दीड-दोन दिवस असा बेत ठरला. मंडळी सर्व तऱ्हेची होती. मोटार दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा एक धिप्पाड तरुण, कॉलेजातील मुले, चार मुली (पैकी एक इस्पितळात नर्स), दोन शिक्षक, स्वतः फादर, आणि सर्वांत वडील असे सहासष्ट वर्षांचे एक काका. नऊ सायकली गिअरच्या होत्या; बाकीच्या आपल्या नेहमीच्या, काळ्या, जड, दांडीच्या. सामान वाहण्यासाठी मागून एक टेंपो होता.

काकांना नेण्यास काही जणांचा विरोध होता व तो त्यांनी लपविला नाही. परंतु काकांचा नवस होता. नातवाच्या मोठ्या दुखण्यात त्यांनी तो बोलला होता: पोर उठले तर शवप्रदर्शनाला जाईन, आणि जाणे-येणे दोन्ही स्वतःच्या अंगबळावर करीन. १९७४ च्या शवप्रदर्शनाला सोळा वर्षांचे असताना ते बापाबरोबर पायी गेले होते. आता गुडघे पायी चालण्याचे राहिले नव्हते. सायकल मात्र ते रोज चालवीत. नातू बरा होऊन शाळेला जाऊ लागला होता. तेव्हा त्यांना नको म्हणणार कोण?

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. तेथून जांबोटीपर्यंतचा रस्ता शेते, काजूच्या बागा आणि लहानमोठ्या चढउतारांमधून जातो. पुढे रान दाट होते व कणकुंबी येते. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. या गावाचे नवल असे की, येथल्या एका उतारावर पडलेला पाऊस मलप्रभेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जातो आणि दुसऱ्या उतारावर पडलेला म्हादईच्या वाटेने पणजीशी अरबी समुद्रात उतरतो. या पाण्यावरून दोन राज्यांचा वाद आहे व तो अद्याप मिटलेला नाही. सायकलवाल्याला मात्र एवढेच कळते की येथपर्यंत आपण पठारावर होतो आणि आता जमीन पायांखालून निघून जाणार आहे. चोर्ला ओलांडले की सह्याद्रीचा कडा सुरू होतो. तेथून खाली गोव्यातील केरीपर्यंत पंधरा-एक किलोमीटर वळणावळणांचा घाट आहे आणि तेवढ्यात सुमारे साडेसहाशे ते सातशे मीटरांचा उतार होतो.

उतरताना पायांना काम नसते, पण ब्रेकांना व डोक्याला असते. आमच्या मेकॅनिक तरुणाने घाटमाथ्यावर सर्वांना थांबवून तेवीस सायकलींचे ब्रेक स्वतः दाबून पाहिले. ब्रेक सतत धरून ठेवू नये, धरावा नि सोडावा, असे त्याने बजावले. एकसारखा घासला तर रिम तापते, रबर गुळगुळीत होते आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाही. पुढचा व मागचा दोन्ही मिळून वापरावेत, वेग वळणाआधी कमी करावा, वळणात नव्हे, आणि पुढच्या सायकलीपासून दहा-बारा सायकलींचे अंतर ठेवावे. गिअरवाली मुले हे ऐकून हसली. पहिल्या वळणावर भाजीचा ट्रक अंगावरून गेला तेव्हा हसणे थांबले. गोव्याच्या बाजारात जाणारी भाजी व दूध पुष्कळसे बेळगावकडूनच उतरते. त्या गाड्यांना वेळेची घाई असते आणि सायकलवाल्याला त्यांनी मोजावे, अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे आहे. रस्ताही कोठे नवा, तर कोठे उखडलेला. तरी दीड तासात सर्व जण केरीला सुखरूप होते. अंजुणे धरणाचे पाणी उजेडात चकाकत होते आणि कॉलेजची मुले म्हणत होती की, घाट म्हणजे एवढेच का?

काका मागे वळून डोंगराकडे पाहत उभे होते. ते काही बोलले नाहीत.

साखळी, मार्सेल, बाणस्तारी करीत आम्ही संध्याकाळी जुन्या गोव्यात पोहोचलो. सपाटीवरच्या या पट्ट्यात एक गोष्ट मुलांनी शिकून घेतली. सपाट रस्त्यावर, थोड्या वेगाने जाताना, सायकलवाल्याची बरीचशी शक्ती वारा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागे त्याच्या आडोशाने चालविली तर चौथा हिस्सा, कधी त्याहून अधिकही श्रम वाचतात. म्हणून ज्याच्या अंगात बळ आहे त्याने पुढे व्हावे, दमला की बाजूला सरून मागे यावे व दुसऱ्याने पुढे जावे. मेकॅनिकने व त्याच्या दोन मित्रांनी ही पाळी आळीपाळीने घेतली आणि मधल्या ओळीत काका, मुली व आम्ही शिक्षक मंडळी त्यांच्या पाठीचा फायदा घेत निवांत आलो. बलवानाने दुर्बलाला मदत करण्याची याहून स्वस्त रीत जगात क्वचितच असेल. पुढच्याला काही जास्त करावे लागत नाही. तो नुसता पुढे असतो.

दर्शनाची रांग, गर्दी, मिस्सा यांविषयी मी येथे लिहीत नाही. ते या पत्राच्या वाचकांनी स्वतः अनुभवले असेल वा अन्यत्र वाचले असेल. रात्री आमचा मुक्काम एका ओळखीच्या घराच्या पडवीत होता. तेथे जेवणानंतर, परतीच्या चढाची धास्ती मुलांच्या बोलण्यात दिसू लागली तेव्हा, फादरांनी गिसाल्लोच्या मातेची गोष्ट सांगितली. ती आपल्याकडे फारशी ठाऊक नाही, म्हणून येथे देतो.

उत्तर इटलीत कोमो नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या काठच्या बेल्लाजो गावातून एक रस्ता डोंगरावर चढतो आणि ७५४ मीटर उंचीवर माग्रेल्यो गावाजवळ पवित्र मातेच्या एका लहानशा देवळाशी पोहोचतो. मध्ययुगात गिसाल्लो नावाच्या उमरावावर येथे लुटारूंनी हल्ला केला असता तो मातेच्या प्रतिमेकडे धावला व वाचला, अशी दंतकथा आहे. त्यामुळे ती वाटसरूंची राखणदार मानली जात असे. पुढे सायकलींच्या शर्यती याच चढावरून जाऊ लागल्या. चढ संपतो तेथेच देऊळ, म्हणून धापा टाकणारे सायकलवाले तेथे थांबून क्रुसाची खूण करीत. तेथील फादर एर्मेलिंदो विगानो यांनी ही माता सायकलवाल्यांची आश्रयदाती व्हावी असा ध्यास घेतला, आणि १३ ऑक्टोबर १९४९ रोजी पोप बारावे पायस यांनी तसे जाहीर केले. आज त्या देवळाच्या भिंती विजेत्यांनी वाहिलेल्या सायकलींनी व सदऱ्यांनी भरून गेल्या आहेत. त्यांतली एक सायकल मोडकी आहे. ती फाबिओ कासार्तेल्ली या तरुणाची. १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळविले व १८ जुलै १९९५ रोजी फ्रान्समधील शर्यतीत डोंगर उतरताना पडून तो मरण पावला. हे ऐकताच सकाळी हसलेली मुले एकमेकांकडे पाहू लागली.

“आणि चढणारा?” कोणी तरी विचारले. तेव्हा फादरांनी जीनो बार्ताली यांचे नाव काढले. १९१४ साली जन्मलेला हा इटालियन गडी डोंगरी चढाचा राजा समजला जाई. फ्रान्सची मोठी शर्यत त्याने १९३८ साली व पुन्हा १९४८ साली जिंकली. तो कार्मेल संघाचा तृतीय पंथीय सभासद, म्हणजे संसारात राहून व्रत पाळणारा कडवा कॅथलिक होता. या दोन विजयांच्या मध्ये महायुद्ध आले. १९४३-४४ मध्ये इटलीत ज्यूंची धरपकड चालू असताना फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांनी त्यांना वाचविण्याचे काम गुप्तपणे हाती घेतले. या कामात बार्तालीने सायकलीच्या नळीत खोटी ओळखपत्रे दडवून फ्लॉरेन्सहून आसिसीपर्यंत नेली. कोणी अडविले तर तो म्हणे, सराव करीत आहे. आणि त्याचे नाव सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे ते खरेही वाटे. हयातीत त्याने या कामाचा गाजावाजा केला नाही. २००० साली तो वारला आणि २०१३ साली जेरुसलेममधील याद वाशेम या संस्थेने ज्यूंचे प्राण वाचविणाऱ्या परधर्मीय सज्जनांत त्याची गणना केली. घाटात जो पहिला येतो त्याचे नाव छापून येते. घाटातून कोणासाठी काय वाहून नेले ते कधी कधी साठ-सत्तर वर्षांनी कळते, एवढे बोलून फादरांनी जपमाळ काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघावयाचे होते. परंतु आमच्यातील काही जणांचे दर्शन आदल्या दिवशी झाले नव्हते. रांग लांबली आणि जुने गोवे सोडण्यास दुपारचे बारा वाजले. केरीला सव्वातीन झाले. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मुक्काम ठरला होता कणकुंबीला.

येथे चढाचे गणित थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा प्रसंग त्या गणितातून उभा राहिला. साठ किलोचा माणूस व वीस किलोची सायकल मिळून ऐंशी किलो होतात. चाळीस किलोंची तांदळाची दोन पोती सातशे मीटर उंच नेऊन ठेवावयाची, तेवढे हे काम. साध्या सायकलीचे पायडल एकदा पुरते फिरविले की ती पाच-साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला हे प्रमाण उत्तम, पण चढावर पाय अडकल्यासारखा होतो. गिअरची सायकल तेवढ्याच फेऱ्यात दोन-अडीच मीटर जाईल अशी लावता येते. काम तितकेच राहते, मात्र घास लहान होतो. शिवाय ताशी पाच किलोमीटरांच्या खाली वेग गेला की सायकल डोलू लागते व उतरून ढकलणे भाग पडते. ढकलत चालले तर ताशी चार किलोमीटर. म्हणजे पंधरा किलोमीटरांना जवळजवळ चार तास.

आणि सपाटीवरची ती स्वस्त मदत चढावर चालत नाही. वेगच नसतो, त्यामुळे वारा नसतो, त्यामुळे आडोशाचाही उपयोग नसतो. ज्याचे वजन त्यानेच उचलावयाचे. जो बलवान आहे तो आपोआप पुढे जातो. त्याने मुद्दाम काही केले नाही तरी अंतर वाढत जाते. घाटात मंडळी फुटते ती भांडणामुळे नव्हे, अशी फुटते.

पहिल्या दोन किलोमीटरांतच आमची मंडळी अर्ध्या किलोमीटरावर पसरली. एका वळणावर फादरांनी सर्वांना थांबविले. तेथे जो वाद झाला तो मी जसा ऐकला तसा लिहितो.

कॉलेजच्या एका मुलाने सरळ सांगितले, “काकांना टेंपोत बसवू या. अंधार पडला तर घाटात गाड्या कशा येतात ते काल पाहिलंय. एकाच्या नवसापायी बावीस जणांचा जीव धोक्यात का?”

हे बोलणे उद्धट वाटले तरी निराधार नव्हते, असे माझे मत आहे. पुष्कळांना तेच म्हणावयाचे होते. त्याने ते तोंडावर म्हटले.

फादर काकांकडे वळले. “काका, हा खाजगी नवस आहे. योग्य कारण असेल तर धर्मग्रामाचा धर्मगुरू म्हणून त्यातून मोकळीक देण्याचा अधिकार मला आहे. देवाला तुमचे गुडघे नकोत. तुम्ही निम्म्याहून जास्त वाट केली आहे.”

काकांनी टोपी काढून घाम पुसला. “मोकळीक द्याल की, फादर. मागितली तर द्याल. मी मागितली कुठं?”

कोणी तरी हसले. मग काका त्या मुलाकडे पाहून म्हणाले, “बाळ, तू म्हणतोस ते खोटं नाही. तुम्ही सगळे पुढं व्हा. माझ्यासाठी कोण थांबा, असं मी म्हटलेलं नाही. हळूहळू येतो मी.”

आणि येथेच खरी अडचण होती. त्यांनी हट्ट धरला असता तर रागावता आले असते. ते तर आम्हांला मोकळे करीत होते; आणि त्या रानात, त्या रस्त्यावर, सहासष्ट वर्षांच्या माणसाला एकटे सोडून पुढे जाणे कोणाला शक्य होते? फादर काही क्षण गप्प राहिले. त्यांनी आज्ञा केली असती तर काका टेंपोत बसले असते, यात मला शंका नाही. त्यांनी आज्ञा केली नाही. त्यांनी वेगळी व्यवस्था केली.

चांगल्या दमाचे दहा जण पुढे जातील व उजेडात माथा गाठतील. मधले आठ एकत्र राहतील, कोणीही एकटा पडणार नाही. शेवटी पाच जण: काका, फादर, नर्स, मी आणि मेकॅनिक. टेंपो सर्वांच्या मागे, दिवे लावून, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला आधी टेंपो दिसेल. मेकॅनिकची निवड ऐकून सगळे चकित झाले. तेवीस जणांत सर्वांत जोरकस तोच होता आणि सर्वांच्या आधी माथ्यावर पोहोचण्याची पैज त्याने आदल्या रात्रीच लावली होती. त्याचे तोंड उतरले. पण तो “बरं, फादर” म्हणाला आणि मागे येऊन उभा राहिला.

नर्सने काकांच्या कॅरियरवरील वळकटी सोडून टेंपोत टाकली. काकांनी आक्षेप घेतला नाही. ओझे नवसात नव्हते, असे ते म्हणाले.

काका सायकलीवर बसून पन्नास-साठ पावले चढत, उतरत, ढकलत, पुन्हा बसत. काही वेळाने त्यांनी बसणे सोडून दिले. आम्हीही उतरलो. मेकॅनिकला मात्र प्रारंभी फार जड गेले. हळू चालविणे त्याला येईना. तो शंभर पावले पुढे जाई, थांबे, मागे पाही, पुन्हा खाली येई. असे पाच-सहा वेळा केल्यावर तोही उतरला व काकांच्या बाहेरच्या बाजूने, म्हणजे गाड्यांच्या अंगाने, चालू लागला. त्याने काकांची सायकल ढकलू का, असे विचारले. काकांनी नको म्हटले. मग त्याने फक्त स्वतःचा वेग त्यांच्या पावलाला जुळवून घेतला. जोरकस माणसाला हे काम किती अवघड असते ते मी त्या दिवशी शेजारून पाहिले. त्याच्या पोटऱ्यांना चढ लागत नव्हता, त्याला सावकाशी लागत होती.

सूर्य खाली गोव्याच्या बाजूस झुकला. अंजुण्याचे पाणी तांबूस होऊन मग काळे पडले. वानरे झाडांवर स्थिरावली. फादरांनी जपमाळ सुरू केली. सायकल चालविताना चढावर जपमाळ म्हणता येत नाही, श्वासच पुरत नाही, चालताना येते. एकाने नमो मरियाचा पूर्वार्ध म्हणावयाचा, बाकीच्यांनी उत्तरार्ध. तेवढ्यात पहिल्याचा श्वास परत येतो. पिढ्यानपिढ्या पायी जाणाऱ्या यात्रेकरूंच्या छातीच्या मापानेच ही प्रार्थना बेतलेली असावी असे मला वाटले. धर्मशास्त्राला ते मान्य होईल की नाही ते फादर जाणोत. काकांची पाळी आली की ते प्रत्येक दशकाआधी कोणाचे तरी नाव घेत. एकदा बापाचे घेतले. एकदा वाद घालणाऱ्या कोणाचे घेतील असे वाटले होते. त्यांनी टेंपोच्या ड्रायव्हरचे घेतले.

साडेसहाच्या सुमारास, अंधार पडू लागला असता, एका वळणावर पुढच्या तुकडीतली तीन मुले कठड्याला टेकून बसलेली दिसली. त्यांतला एक पांढराफटक पडला होता. हात थरथरत होते, अंगाला गार घाम सुटला होता. टेंपोत बसा म्हणणारा तो हाच मुलगा. नर्सने नाडी पाहिली व प्रथम विचारले, “दुपारी काय खाल्लं?” त्याने दोन केळी व चहा एवढेच सांगितले. जोराचे श्रम दीड-दोन तास चालले की स्नायूंतील साखरेचा साठा सरत जातो, आणि वरून काही मिळाले नाही तर धडधाकट माणूसही पिठाच्या गोणीसारखा खाली बसतो. दम संपणे वेगळे आणि हे वेगळे. दम विश्रांतीने येतो, हे खाल्ल्याशिवाय जात नाही. काकांनी खिशातून कागदाची पुडी काढली. गूळ आणि भाजलेले शेंगदाणे. नर्सने ते थोडे थोडे खाऊ घातले, पाणी दिले, अर्ध्या तासात पोराच्या तोंडावर रंग आला. यात कोणी दैवी न्याय वगैरे पाहू नये. पोटात नव्हते, इतकेच. म्हाताऱ्या माणसांना लांबच्या वाटेला काय खिशात ठेवावे ते ठाऊक असते आणि मुलांना दुकाने असतील असे वाटते.

फादरांनी त्याला टेंपोत बसण्यास सांगितले. तो बसला, आणि त्यात कोणाला काही वावगे दिसले नाही. त्याचा नवस नव्हता. त्याची सायकल टेंपोवर चढविली. थोडे वर गेल्यावर मात्र तो खाली उतरला व काही न बोलता आमच्याबरोबर चालू लागला. एव्हाना पूर्ण अंधार झाला होता. दोन विजेऱ्या पुढे, टेंपोचे दिवे मागे, आणि आमच्या सावल्या लांबलचक होऊन डोंगराच्या भिंतीवर चालत होत्या. वरून येणारे ट्रक दुरूनच दिव्यांची उघडझाप करून सावकाश होत. एका ट्रकवाल्याने थांबून, कोठे निघालात, असे विचारले. कणकुंबीला, असे सांगितल्यावर त्याने भाजीच्या करंडीतून मूठभर गाजरे काढून दिली.

पावणेआठ वाजता चढ संपला. चढ संपल्याचे प्रथम पायांना कळते, मग डोळ्यांना. काका थांबले, सायकल स्टँडला लावली, क्रुसाची खूण केली, आणि पुन्हा सायकलीवर बसले. पुढच्या सपाट रस्त्यावर मेकॅनिक आपण होऊन त्यांच्या पुढे झाला. वर वारा सुटला होता.

कणकुंबीत ज्यांच्या अंगणात आमची सोय होती ते मराठा कुटुंब आमची वाट पाहत जागे होते. घरच्या आईंनी चूल पुन्हा पेटवून भाकरी टाकल्या. बाकीचे अठरा जण, वाटेत सापडलेले तिघे सोडून, साडेसहापर्यंत पोहोचले होते, आणि त्यांपैकी कोणीही जेवले नव्हते. यजमानांनी दोनदा पाने वाढली होती व दोनदा उचलली होती. काका आत येताच त्यांच्यासाठी गरम पाण्याची बादली पुढे आली. पैज कोणी जिंकली याची चौकशी मेकॅनिकने केली खरी. जिंकणाऱ्यानेच विषय बदलला.

सकाळी धुके होते आणि थंडी चांगलीच होती. मलप्रभेच्या पाण्यात तोंडे धुऊन आम्ही सायकली रस्त्यावर काढल्या. पुढे जांबोटी, मग घर. चढउतार होते, पण घाट राहिला नव्हता. काकांच्या मागच्या चाकात हवा कमी निघाली. मेकॅनिकने पंप आणला, टेंपोत बसावयास सांगणाऱ्या त्या मुलाने नळी धरली, आणि दहा मिनिटे उशिराने, सात वाजून दहा मिनिटांनी, आम्ही निघालो.